'च'ला इंग्रजीत जागा कुठे?

या महिन्याच्या टपालात 'ओन्ली' या एका इंग्रजी शब्दाबद्दल पाच पत्रं निघाली. गावं वेगवेगळी, पण विचारणा एकाच जागी येऊन थांबते. म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात जे घडलं तसंच माझ्या वर्गातही एकदा घडलं होतं आणि त्यानंतर माझं शिकवणं बदललं.

प्रश्न : मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते. आमचा ग्राहक इंग्लंडमधला आहे. एक अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, तो मी गुरुवारीच मेलने पाठवला. सोमवारी तिकडच्या नव्या व्यवस्थापकाने विचारलं, अहवाल कुठे आहे? मी लिहिलं, 'आय सेंट इट ऑन थर्सडे ओन्ली.' त्यावर उत्तर आलं, 'व्हाय ओन्ली ऑन थर्सडे?' वेळेआधी काम करून उशिराचा ठपका माझ्याच माथी आला. आमच्या टीम लीडने 'वाक्य चुकलंय' एवढंच सांगितलं. नेमकं काय चुकलं? आणि 'गुरुवारीच' हे इंग्रजीत लिहायचं कसं?
— वाकड, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या वाक्यात क्रियापद, काळ, शब्दांचं लेखन सगळं ठीक आहे. बिघडली आहे ती दिशा.

इंग्रजीत 'ओन्ली' हा शब्द वेळेच्या शेजारी बसला की एकाच बाजूला बघतो. 'ओन्ली ऑन थर्सडे' म्हणजे गुरुवार उजाडेपर्यंत पाठवला नव्हता. 'ओन्ली यस्टरडे' म्हणजे अगदी काल-परवाची गोष्ट, त्याआधीची नव्हे. आपला 'च' मात्र दोन्हीकडे बघतो. 'पाहुणे कालच आलेत, अजून बॅगासुद्धा उघडल्या नाहीत,' इथे 'कालच' म्हणजे फार वेळ झालेला नाही. 'अहो, बिल कालच भरलं, आज कशाला आलात?' इथे 'कालच' म्हणजे केव्हाच, तुम्ही येण्याच्या आधी. अक्षरं तीच आणि अर्थ थेट उलटे. आपण आवाजावरून, प्रसंगावरून ते ओळखतो, आणि इतकं सहज ओळखतो की दोन अर्थ आहेत हे कुणी दाखवून देईपर्यंत ध्यानातही येत नाही.

इंग्रजीने ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. ताजेपणा किंवा उशीर सांगायचा तर 'ओन्ली', आणि वेळेआधी झालं हे सांगायचं तर 'ऑलरेडी'. तुमच्या मनात दुसरा 'च' होता आणि कागदावर पहिला उतरला. तुम्हाला लिहायला हवं होतं, 'आय हॅड ऑलरेडी सेंट इट ऑन थर्सडे, अ डे बिफोर द डेडलाइन.' आणि खरं सांगू का, अशा वेळी क्रियाविशेषणावर सगळा भार टाकूच नये. गुरुवारी किती वाजता पाठवला ते लिहा, तो मेल खाली जोडा आणि थांबा. तारीख-वेळ दिली की मग 'च'ची गरज उरत नाही.

हे झालं तुमच्या वाक्याचं. पण 'ओन्ली' तुमच्या हातून शेवटी का पडला, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

मी १९८४ साली भोरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. आठवी-नववीच्या वह्यांत वाक्याच्या शेवटी आलेला 'ओन्ली' दिसला की मी लाल शाईने तो खोडायची. 'आय अ‍ॅम ईटिंग ओन्ली', 'ही इज माय ब्रदर ओन्ली', 'वी लिव्ह इन भोर ओन्ली'. खोडायचं आणि पुढची वही घ्यायची. पाच-सहा वर्षं हेच चाललं. मला वाटायचं, हा एक फालतू शब्द मुलांना चिकटलाय, घासून काढला की जाईल.

मग एका वर्षी नववीतली एक मुलगी खोडलेली वही घेऊन टेबलापाशी आली. धरणाच्या पलीकडच्या वाडीतून चालत येणारी, वर्गात फारसं न बोलणारी. निबंध होता 'माझी आई'. तिने लिहिलं होतं, 'माय मदर वर्क्स इन अवर फील्ड ओन्ली.' मी शेवटचा शब्द खोडला होता. ती म्हणाली, "बाई, आई आमच्याच रानात राबती. गेल्या सालापर्यंत दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. तुम्ही 'च' खोडला. मग तो लिहू कुठं?"

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. 'उद्या सांगते' म्हणाले. घरी येऊन स्वयंपाक करता करता तेच डोक्यात. त्या पोरीने 'ओन्ली' लिहिला होता तो तिच्या घरातली त्या वर्षीची सर्वांत मोठी गोष्ट सांगायला, आणि मी ती रेघेने पुसून टाकली होती. रात्री उत्तर सापडलं. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत मी लिहून दिलं, 'माय मदर वर्क्स इन अवर ओन फील्ड.' 'ओन' म्हणजे स्वतःचं. तो तिचा 'च' होता. तिने तो शब्द दोनदा वाचला आणि वही मिटून जागेवर गेली.

त्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घातली आणि तिच्यावर लिहिलं, 'च'. मुलं 'ओन्ली' लिहितील तिथे त्यांच्या मनातलं मराठी वाक्य काय होतं ते विचारायचं, त्यातला 'च' शोधायचा आणि इंग्रजीत तो कुठल्या वेशात जातो ते टिपायचं. निवृत्त होईपर्यंत ती वही चालू होती.

त्या वहीचं पहिलं पान इथे देते, कारण तुम्हाला ते रोज उपयोगी पडेल. वाक्य साधं आहे : मी काल पुण्यात आईला भेटले. आता यात 'च' एकेका शब्दाला लावत चला. 'मीच भेटले', दुसरं कुणी नाही : इंग्रजीत 'आय'वर जोर द्यायचा किंवा 'इट वॉज आय हू मेट हर' अशी रचना करायची. 'कालच भेटले' : ताजेपणा असेल तर 'ओन्ली यस्टरडे' किंवा 'जस्ट यस्टरडे', आणि 'झालंय ते काम' असं म्हणायचं असेल तर 'ऑलरेडी'. 'पुण्यातच भेटले', लांब जावं लागलं नाही : 'राइट हिअर इन पुणे'. 'आईलाच भेटले', मधल्या कुणाला नाही : 'मदर हर्सेल्फ'. 'भेटलेच', तुम्हाला वाटलं जमणार नाही, पण जमलं : 'आय डिड मीट हर'. हा 'डिड' मुलांना फार आवडायचा. भूतकाळात 'डिड' प्रश्नाला आणि नकाराला वापरायचा एवढंच त्यांना ठाऊक असायचं. तोच शब्द आपल्या 'च'चं काम करतो म्हटल्यावर दिवसभर 'आय डिड ईट', 'आय डिड स्टडी' चालायचं.

पुढच्या पानांवर आणखी बरंच आहे. 'तोच शर्ट' म्हणजे 'द सेम शर्ट'. 'त्याच क्षणी' म्हणजे 'अ‍ॅट दॅट व्हेरी मोमेंट'; इथला 'व्हेरी' म्हणजे 'खूप' नव्हे, शुद्ध 'च'. 'गेलेच नाही' म्हणजे 'डिड नॉट गो अ‍ॅट ऑल'. 'तूच करू शकतोस' म्हणजे 'यू अलोन कॅन डू इट'. हा 'अलोन' मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या 'च'सारखाच शब्दाच्या मागून येतो आणि त्याला चिकटून बसतो. तुकोबांचं 'हेचि दान देगा देवा' इंग्रजी समजणाऱ्या माणसाला सांगायची वेळ आली, तर मी त्या 'हेचि'साठी 'दिस अलोन' म्हणेन.

थोडक्यात, आपण 'च' लावतो तिथे इंग्रजी माणूस पुष्कळदा नुसता आवाज चढवतो. छापील पुस्तकात तो चढलेला आवाज तिरक्या अक्षरांनी दाखवतात. पण शाळेत आपण इंग्रजी वाचून शिकलो, ऐकून नाही. आवाजाचा चढ-उतार फळ्यावर लिहिता येत नाही. मग 'च'साठी काहीतरी हवं म्हणून हाताशी असलेला एकच शब्द, शब्दकोशात 'फक्त, केवळ, च' असा अर्थ दिलेला 'ओन्ली', आपण 'च'च्याच जागी, म्हणजे शब्दाच्या मागे नेऊन ठेवला. तुमच्या वाक्यात तो अगदी मराठी व्याकरणाच्या नियमाने बसला आहे. म्हणून तो तुम्हाला खटकला नाही आणि तुमच्या टीम लीडला खटकला तरी का ते सांगता आलं नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. 'शी ओन्ली ईट्स मँगोज' आणि 'शी ईट्स ओन्ली मँगोज' यांतलं बरोबर कोणतं? एका मार्गदर्शकात पहिलं चूक म्हटलंय, पण इंग्रजी बातम्यांत आणि मुलाखतींत पहिल्यासारखीच वाक्यं ऐकू येतात. मुलांना काय सांगू?
— लातूर

उत्तर : सर, दोन्ही बरोबर आहेत. मार्गदर्शकाचा नियम असा, की 'ओन्ली' ज्या शब्दाबद्दल बोलतो त्याच्या लगेच आधी यायला हवा. नियम म्हणून वाईट नाही, पण इंग्रज स्वतः बोलताना तो पाळत नाहीत आणि फार पूर्वीपासून पाळत नाहीत. 'ओन्ली' क्रियापदाच्या आधी ठेवायचा आणि आवाज 'मँगोज'वर टाकायचा, ही त्यांची सहज पद्धत आहे.

हेन्री फाउलर यांचा इंग्रजी शब्दवापराचा कोश १९२६ साली निघाला. ते आधी बरीच वर्षं शाळेत शिकवत होते, त्यामुळे वह्या तपासणाऱ्यांचं मन त्यांना नीट ठाऊक असावं. त्यात त्यांनी एका वाक्याची हकिकत दिली आहे. एक माणूस 'ओन्ली डाइड अ वीक अगो' असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि त्यावर एका टीकाकाराने बोट ठेवलं होतं की जणू त्या माणसाने मरण्यापेक्षा आणखी काही मोठं करायला हवं होतं. लेखकाला म्हणायचं होतं, 'डाइड ओन्ली अ वीक अगो'. फाउलर यांनी बाजू घेतली ती मूळ लिहिणाऱ्याची. ज्या वाक्याचा अर्थ कुणीही चुकीचा घेणार नाही, त्यात शब्द हलवून भाषेला जखडू नये, असं त्यांचं म्हणणं.

मी वर्गात असं सांगायची : बोलताना निर्धास्त राहा, लिहिताना शंका आली तर 'ओन्ली' त्याच्या शब्दाशेजारी न्या. 'ओन्ली सीता टोल्ड मी' आणि 'सीता टोल्ड ओन्ली मी' यांत घोटाळा झाला तर भांडण होऊ शकतं, तिथे जागा सांभाळायलाच हवी. आणि मुलांना मराठीतून दाखवा. 'सीतानेच मला सांगितलं', 'सीताने मलाच सांगितलं'. आपला 'च' ज्याचा त्यालाच चिकटलेला असतो, म्हणून हा प्रश्न मराठीत उभाच राहत नाही. शाळेच्या व्याकरणात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात; तो लागला तरी शब्दाचं सामान्यरूप होत नाही, 'मी'चं 'मीच' होतं, बस. इतका हलका आणि इतका नेमका शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्या मुलांना 'ओन्ली'ची जागा शिकवणं अवघड नाही. फक्त आधी 'च' शोधायला सांगा, मग इंग्रजी.

आणखी एक गोष्ट मुलं हमखास विचारतात. 'वन'चा उच्चार 'वन', मग त्यातून निघालेल्या शब्दाचा 'ओन्ली' का? जुन्या इंग्रजीत तो 'आनलिक' असा होता : 'आन' म्हणजे एक, 'लिक' म्हणजे सारखा. पुढे सुट्या 'एक'चा उच्चार बदलून 'वन' झाला, पण 'ओन्ली' आणि 'अलोन' यांनी आपला जुना स्वर धरून ठेवला. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही 'अलोन'मध्ये 'वन' शोधायला लागतात.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या वडोदऱ्यात आहेत. मराठी माणसंच 'ओन्ली' असा वापरतात हे मला पटत नाही. आमचे गुजराती शेजारीही 'आय अ‍ॅम हिअर ओन्ली' म्हणतात, आणि चेन्नईहून बदलून आलेले साहेबही.
— वडोदरा

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. गुजरातीत 'ज' आहे, 'हुं ज', 'अहीं ज'. तो आपल्या 'च'चंच काम करतो आणि तसाच मागे लागतो. हिंदीत 'ही'. तमिळमध्ये 'तान्', ज्याचा मूळ अर्थ 'स्वतः' असा आहे. इंग्रजीने 'हर्सेल्फ'ला जे काम दिलं तेच तमिळने 'तान्'ला दिलं. कोकणीत तर 'च'च आहे. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भाषांची घराणी वेगळी, पण जोर दाखवायला शब्दाच्या मागे एक छोटा तुकडा लावायचा ही सवय सगळ्यांची. म्हणून मुंबईच्या लोकलमध्ये बंगळूरचा माणूस 'आय अ‍ॅम लाइक धिस ओन्ली' म्हणाला तर सांगलीच्या माणसाला ते समजावून द्यावं लागत नाही.

आपला 'च' फार जुना आहे. महाराष्ट्री प्राकृतात 'चिअ', 'च्चेअ' अशी रूपं होती, संतांच्या मराठीत 'चि' झाला, आपल्या तोंडी 'च' उरला. किती शब्दांत तो मुरून गेलाय ते बघा : लगेच, नुकताच, उगीच, मुळीच, कधीच. यातला 'च' काढला तर 'उगी' म्हणजे रडणाऱ्या बाळाला थोपटताना म्हणतात ते, आणि 'मुळी'चा अर्थ पातळ होऊन जातो.

तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मनात असावं : मग हे इंग्रजी चूक म्हणायचं की नाही? माझं मत सांगते. आपसात बोलताना ते चूक नाही. इतक्या माणसांनी, इतक्या भाषांतून, एकमेकांना कळेल असा एक वापर घडवला, तो भारतातल्या इंग्रजीचा भाग झाला आहे. माझ्या वर्गात मी बोलताना कुणालाही त्यावरून अडवलं नाही. पण वाचणारा बाहेरचा असेल, आणि त्या वाक्यावर कुणाचं काम, पैसा किंवा नाव अवलंबून असेल, तर तिथे वाचणाऱ्याचं इंग्रजी लिहावं. वरच्या वाकडच्या ताईंना ठपका लागला तो यामुळेच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांना चेकवर 'ओन्ली' आणि 'फक्त' लिहायला लावलं. तिथे तो शेवटी चालतो, मग बाकी वाक्यांत का चालू नये? आणि 'माझ्याकडे फक्त शंभरच रुपये आहेत' यात 'फक्त' आणि 'च' दोन्ही घालणं चूक आहे का?
— अमरावती

उत्तर : चेकवरचा 'ओन्ली' हा कुंपणासारखा आहे. 'रुपीज फाइव्ह हंड्रेड' एवढंच लिहिलं तर पुढे कुणी 'अँड नाइंटी' जोडू शकेल, म्हणून शेवटी खुंटी ठोकायची. इंग्रजीत सूचना आणि पाट्यांवरही तो शेवटी येतो : 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली'. आपल्या लहान गावांत इंग्रजी पहिल्यांदा दिसायचं ते अशाच जागी, रेल्वेच्या डब्यावर, बँकेच्या कागदावर. 'ओन्ली'ची जागा शेवटी, हे आपल्या डोळ्यांना त्या पाट्यांनीही शिकवलं असणार, असं मला वाटतं. पण पाटी म्हणजे पूर्ण वाक्य नव्हे. तिथे क्रियापद नसतं, त्यामुळे गोंधळही नसतो.

'फक्त' अरबी 'फकत'मधून आपल्याकडे आला. मराठीत आपण 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' लिहितो, हिंदीत मात्र 'मात्र' लिहितात. या एकाच वाक्यात तुम्हाला दोन्ही 'मात्र' भेटले. संस्कृतात 'मात्र' म्हणजे तेवढ्याच मापाचं, केवळ. मराठीत तो अर्थ मागे पडून 'पण' असा अर्थ पुढे आला : 'सगळे गेले, मी मात्र थांबले.' आणि गंमत अशी की इंग्रजीत 'ओन्ली'नेही हीच वाट धरली. 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव गेस्ट्स' : आले असते, पण घरी पाहुणे आहेत. 'केवळ'पासून 'पण'पर्यंत दोन भाषा आपापल्या पायांनी चालत आल्या. हे मला वहीत पहिल्यांदा दिसलं तेव्हा शाळेची घंटा झालेली कळली नव्हती.

'फक्त शंभरच' काही जण द्विरुक्ती म्हणून खोडतात. मी खोडत नाही. 'फक्त' ऐकणाऱ्याला सावध करतो आणि 'च' आकड्यावर बोट ठेवतो. 'फक्त शंभर' म्हणजे हिशेब, 'फक्त शंभरच' म्हणजे अडचण. महिनाअखेरीला घरात हे वाक्य बोललेलं असेल त्याला फरक कळतो. अर्जात आणि बातमीत एकावर भागवावं.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. सध्या न्यू जर्सीत लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. नात सहा वर्षांची, मराठी समजतं, थोडं बोलते. ती हाक मारते तेव्हा मी 'आलेच!' म्हणते. परवा तिने विचारलं, "आजी, तू आली नाहीस, मग 'आले' का म्हणतेस?" मी इंग्रजीत सांगायला गेले तर माझ्या तोंडून निघालं, 'आय केम ओन्ली.' ती आणखी गोंधळली. तिला काय सांगू?
— न्यू जर्सी

उत्तर : आजी, तुमच्या नातीने मोठ्या माणसांना न सुचलेला प्रश्न विचारला आहे. आपण 'आले' हा भूतकाळ वापरतो आणि माणूस अजून स्वयंपाकघरात असतो. येणं इतकं नक्की आणि इतकं जवळ आहे, की ते झाल्यातच जमा धरायचं. तो नक्कीपणा 'च'मध्ये आहे. नुसतं 'आले' म्हटलं तर मूल दाराकडे बघेल. 'आलेच' म्हटलं की ते खेळत राहतं. 'निघालोच', 'झालंच', 'आणलंच' या सगळ्यांत हेच आहे.

इंग्रजीत याला 'ओन्ली' कुठेच लागत नाही. तिच्या शाळेतली मुलं 'कमिंग!' म्हणत असतील, किंवा मोठी माणसं 'आय विल बी राइट देअर'. इथला 'राइट' म्हणजे तुमचा 'च'. तिला विचारा, 'कमिंग' म्हणताना माणूस खरंच चालायला लागलेला असतो का? नसतो. खुर्चीत बसूनही 'कमिंग' म्हणतात. म्हणजे तिच्या इंग्रजीतही माणूस थोडं आधीच बोलतो, तुम्ही जरा जास्त आधी बोलता. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेल आणि तिला ते आवडेलही.

पण 'आलेच'चं इंग्रजी करून तिच्या हातात देऊ नका. तो शब्द तिला तसाच द्या, कोल्हापूरच्या हेलासकट. 'च' लहान मुलांना फार लवकर सापडतो. माझ्या धाकट्या नातवाने बोलायला लागल्यावर काही महिन्यांतच 'मलाच' म्हणायला सुरुवात केली होती, लाडू एकच उरला होता तेव्हा. असं करा, एक-दोन दिवस तुम्हीच तिला हाक मारत राहा, ती दुसऱ्या खोलीत असताना. ती काय म्हणते ते मला कळवा.